चाकं उलटी का फिरतात?

टीव्हीवरचा मोटारींचा कार्यक्रम पाहताना हे प्रत्येकाला कधी ना कधी दिसलेलं असतं. गाडी झपाट्याने पुढे निघाली आहे, निवेदक इंजिनाच्या ताकदीचं वर्णन करतो आहे आणि चाकं मात्र आरामात मागे फिरताहेत. घरातलं एखादं चौकस पोर विचारतं, "बाबा, चाक उलटं का फिरतंय?" बाबा रिमोट शोधत म्हणतात, "कॅमेऱ्याची गंमत आहे ती." उत्तर चुकीचं नाही. पण त्या गमतीमागचं गणित एकदा कळलं, की मोटारी टिपायला कोणता कॅमेरा घ्यावा याचं निम्मं शास्त्र हाती येतं. या प्रकरणात ते गणित मांडू, आणि त्यासाठी उज्जैनला जाऊ.

समजा, पुण्याहून सहा जणांचं युनिट निघालं आहे. फिरत्या मालिकेचा एक भाग करायचा आहे. एक गाडी निवेदक चालवणार, दुसरीतून चित्रण होणार. पहिल्या सकाळी इंदूर-उज्जैन रस्त्यावर धावती गाडी टिपायची. दुसऱ्या दुपारी गाडीच्या आत बसून गप्पा. संध्याकाळी गोपाळ मंदिराच्या गल्ल्यांमधून रामघाट, शिप्रेची आरती. शेवटच्या दिवशी इंदूरपलीकडे पिथमपूरला, 'नॅट्रॅक्स'च्या चाचणी धावपट्टीवर. जून २०२१ मध्ये सुरू झालेली ही ११.३ किलोमीटरची पट्टी आशियातली सर्वांत लांब वेगवान धावपट्टी म्हणून ओळखली जाते. चार दिवसांत चार तऱ्हांचा प्रकाश आणि चार तऱ्हांचे वेग. युनिटमधल्या सगळ्यात धाकट्याचा प्रश्न ठरलेला असतो: "एट-के कॅमेरा घ्यायचा ना?"

हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. का, ते उज्जैनच सांगेल.

उज्जैन मराठी वाचकाला परकं नाही. राणोजी शिंद्यांची ही राजधानी. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी अठराव्या शतकात महाकाल मंदिराचा जीर्णोद्धार केला. हरसिद्धीच्या अंगणातल्या दोन दीपमाळा पाहिल्या, की क्षणभर आपण सातारा-पुण्याकडच्या एखाद्या देवळात उभे आहोत असं वाटतं. पण आपल्याला इथे आणलं ते काळाच्या हिशेबाने. प्राचीन भारतीय ज्योतिर्विदांनी आपली मध्यरेषा उज्जैनवरून धरली. सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात ज्या पाच वेधशाळा उभारल्या, त्यांतली एक इथली. १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी ती दुरुस्त करवली आणि तिचा कारभार पाहणारे ज्योतिर्विद गोविंद सदाशिव आपटे हे मराठीच. सावली किती सरकली यावरून तिथे वेळ मोजत. कॅमेराही वेळच मोजतो, फक्त त्याचं माप सेकंदाच्या पन्नासाव्या किंवा दोन हजाराव्या हिश्शाचं असतं. मोटारीच्या चित्रणात कॅमेरा निवडायचा तो या मापावरून.

पंचवीस तुकडे

आपल्याकडे टीव्हीचं चित्र सेकंदाला २५ फ्रेमचं. म्हणजे कॅमेरा सेकंदाचे पंचवीस तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकड्याचा एक फोटो काढतो. आता आपल्या गाडीचं चाक घेऊ. १८५/६५ आर १५ या मापाचा टायर आपल्याकडच्या कितीतरी छोट्या गाड्यांना असतो. त्याचा घेर सुमारे १.९५ मीटर. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाताना हे चाक सेकंदाला साडेआठ फेरे घेतं. एका फ्रेमपासून दुसऱ्या फ्रेमपर्यंत ते १२३ अंश फिरतं.

चाकाला पाच स्पोक आहेत असं धरा. दोन स्पोकमधलं अंतर ७२ अंश. पाचही स्पोक सारखेच, त्यामुळे चाक ७२ अंश फिरलं तरी चित्र पहिल्यासारखंच दिसतं. १२३ मधून ७२ वजा केले की उरतात ५१. म्हणजे पुढच्या फ्रेममध्ये प्रत्येक स्पोक आधीच्या जागेपासून ५१ अंश पुढे दिसायला हवा. पण त्याच जागी पाहिलं तर मागचा शेजारी स्पोक केवळ २१ अंश मागे आलेला आहे, असंही म्हणता येतं. डोळा जवळचा रस्ता धरतो. त्याला वाटतं, स्पोक २१ अंश मागे आला. पंचवीस फ्रेम असंच झालं की चाक सेकंदाला दीड फेरा उलटं फिरताना दिसतं. हेच चाक ताशी ३५ किलोमीटरला आणि पुन्हा ७० ला जागच्या जागी थिजल्यासारखं दिसेल, कारण तेव्हा ते दर फ्रेमला बरोबर ७२ किंवा १४४ अंश फिरतं.

मग प्रत्येक कार्यक्रमात चाकं उलटी का दिसत नाहीत? याचं उत्तर फ्रेमच्या आत आहे. फ्रेम सेकंदाच्या पंचविसाव्या हिश्शाची असली तरी शटर तेवढा वेळ उघडं नसतं. सिनेमावाल्यांची जुनी रीत अशी, की शटर फ्रेमच्या निम्मा वेळ उघडं ठेवायचं. पंचवीस फ्रेमला १/५० सेकंद. एवढ्या वेळात ताशी ६० किलोमीटरचं चाक ६२ अंश फिरतं. स्पोक इतके फासले जातात की जवळजवळ एकाला एक भिडतात आणि चाकाच्या जागी चकाकणारी तबकडी दिसते. डोळ्याला पकडायला स्पोकच उरत नाही, मग तो उलटं फिरणार कुठून? प्रेक्षकाला वेग जाणवतो तो या फासलेपणातून.

तेच शटर १/३२०० वर गेलं, तर त्या वेळात चाक जेमतेम १ अंश फिरतं. प्रत्येक स्पोक धारदार, खिळ्यासारखा. मग उलट्या चाकांची जत्रा सुरू.

डोक्यावरचा सूर्य

१/३२०० हा आकडा मी हवेतून काढला नाही. तो माळव्यातल्या दुपारचा आहे.

कर्कवृत्त उज्जैनच्या अगदी जवळून जातं. शहराचा अक्षांश २३ अंश ११ कला, म्हणून २१ जूनला भर दुपारी सूर्य डोक्यावर पाव अंशाच्या फरकाने येतो आणि वेधशाळेतल्या शंकूची सावली जवळपास नाहीशी होते. त्या क्षणी घड्याळात बारा नाही, बारा अठ्ठावीस झालेले असतात, कारण भारतीय प्रमाणवेळ उज्जैनच्या पूर्वेला पावणेसात अंशांवरच्या रेखांशाची आहे. कॅमेरामनला ही अठ्ठावीस मिनिटं माहीत असलेली बरी. उन्हाची सर्वांत वाईट वेळ इथे साडेअकरापासून दीडपर्यंत असते.

वाईट अशासाठी की मोटार हा चालता आरसा आहे. डोक्यावरून ऊन पडलं की छत आणि बॉनेट पांढरेफटक जळतात, दारं आणि चाकांच्या कमानी काळोखात जातात. आणि शटरचा प्रश्न याहून मोठा.

छायाचित्रकारांचा जुना ठोकताळा आहे: लख्ख उन्हात छिद्र एफ १६, आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, १०० आणि शटर १/१००. बॉनेटवर चिकटवायच्या छोट्या ॲक्शन कॅमेऱ्याचं छिद्र ठरलेलं असतं, साधारण एफ २.८. एफ १६ पेक्षा ते बत्तीस पट जास्त प्रकाश आत घेतं. छिद्र लहान करता येत नाही, म्हणून बिचारा कॅमेरा शटर बत्तीस पट वेगवान करतो, १/३२००. आपण 'ऑटो'वर विसंबलो आणि चाकं उलटी फिरली.

उपाय म्हणजे एनडी फिल्टर. रंग न बदलता फक्त प्रकाश कमी करणारी राखाडी काच. कॅमेऱ्याचा गॉगलच. ॲक्शन कॅमेऱ्याला १/५० वर आणायचं तर प्रकाश चौसष्ट पट कमी करावा लागतो. त्यासाठी 'एनडी ६४' काच मिळते आणि ती नखाएवढ्या चौकटीत बसते.

मोठ्या कॅमेऱ्याचं गणित वेगळं. आजचे सिने-कॅमेरे उजेड-अंधाराचा पूर्ण पल्ला मिळावा म्हणून ८०० आयएसओला चालवतात. म्हणजे आठ पट प्रकाश. १/१०० चं १/५० केलं, दुप्पट. छिद्र एफ ५.६ ठेवलं, पुन्हा आठ पट. आठ गुणिले दोन गुणिले आठ, एकशे अठ्ठावीस. नोव्हेंबर २०२० मध्ये जाहीर झालेल्या सोनी एफएक्स६ मध्ये एनडी कॅमेऱ्याच्या पोटातच आहे. चाक फिरवलं की तो १/४ पासून १/१२८ पर्यंत हवा तसा गडद होतो. उज्जैनच्या दुपारी तो नेमका शेवटच्या टोकाला जाऊन पोचतो.

फिरत्या चित्रणात हा अंगभूत एनडी चैनीचा नाही, गरजेचा भाग आहे. स्टुडिओत दिवे आपल्या हातात असतात. रस्त्यावर गाडी पुलाखालून जाते, वडाच्या सावलीत शिरते, पुन्हा उन्हात येते. दर वेळी लेन्सवरची काच काढून दुसरी आटे लावून बसवायची, तीही माळव्याच्या काळ्या मातीच्या धुळीत, म्हणजे वेळ जाणार आणि वर काचा साफ करत बसावं लागणार. एनडी पोटात असलेला कॅमेरा हे काम अंगठ्याने करतो.

वाकडे खांब

आता एक घरगुती प्रयोग. उन्हाच्या खिडकीजवळ फिरणाऱ्या पंख्याचा मोबाइलने व्हिडिओ घ्या. पाती सरळ दिसणार नाहीत, कोयत्यासारखी वाकलेली दिसतील. पंखा ठीक आहे. मोबाइलचा सेन्सर चित्र एकदम टिपत नाही, वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत वाचत येतो. खालची ओळ वाचून होईपर्यंत पातं पुढे सरकलेलं असतं. याला रोलिंग शटर म्हणतात.

गाडीच्या खिडकीतून बाहेर धरलेल्या कॅमेऱ्यासमोरून विजेचा खांब ताशी ६० किलोमीटर वेगाने मागे जातो. अनेक साध्या कॅमेऱ्यांना ४के चित्र वाचायला २० मिलिसेकंद किंवा त्याहून अधिक लागतात. तेवढ्यात गाडी ३३ सेंटिमीटर पुढे सरकते आणि खांब तिरका पडतो. एफएक्स६ किंवा त्याचा धाकटा भाऊ एफएक्स३ यांचा सेन्सर साधारण ९ मिलिसेकंदांत वाचून होतो. खांब १५ सेंटिमीटरच कलतो, तोही सहसा लक्षात येत नाही.

पिथमपूरच्या पट्टीवर हिशेब बदलतो. तिथे गाड्या ताशी २०० च्या पुढे सहज जातात. २०२३ मध्ये इथेच पिनिनफारिना बतिस्ता या विजेच्या गाडीने ताशी ३५७.१ किलोमीटरचा वेग गाठला. ताशी २०० म्हणजे सेकंदाला साडेपंचावन्न मीटर. २० मिलिसेकंदांत गाडी १.१ मीटर पुढे जाते. कॅमेरा स्थिर ठेवला तर गाडी तिरकी होते, गाडीबरोबर फिरवला तर मागचं कुंपण आणि फलक तिरके होतात. दोष कुठे ढकलायचा एवढंच आपल्या हातात.

सगळा सेन्सर एकाच क्षणी टिपणारे कॅमेरेही आहेत. त्याला ग्लोबल शटर म्हणतात. रेड कंपनीचा कोमोडो २०२० मध्ये आला, जेमतेम एक किलोचा. नोव्हेंबर २०२३ मध्ये सोनीने ए९ थ्री जाहीर केला, ग्लोबल शटर असलेला पहिला फुल-फ्रेम कॅमेरा. मग तोच घ्यावा का? ग्लोबल शटरची किंमत मोजावी लागते आणि ती फक्त रुपयांत नसते. प्रत्येक पिक्सेलला आपला प्रकाश थोडा वेळ सांभाळून ठेवावा लागतो. त्यासाठीची जागा प्रकाश पकडण्याच्या जागेतून जाते, म्हणून अंधारात हे कॅमेरे लवकर हात टेकतात. चार दिवसांतला एक दिवस धावपट्टीवर आणि एक रात्र रामघाटावर असेल, तर झटपट वाचणारा साधा सेन्सर हाच शहाणपणाचा मध्य.

काचेची भांडणं

दुसऱ्या दुपारी निवेदक गाडी चालवत बोलणार आहे आणि आपल्याला त्याचा चेहरा समोरच्या काचेतून हवा आहे. काचेत मात्र आभाळ, झाडं आणि डॅशबोर्ड दिसतात. इथे उपयोगी पडतो पोलरायझर. काचेवरून परतलेल्या प्रकाशाचं कंपन एका दिशेला झुकलेलं असतं, ती दिशा अडवणारी ही चकती. काचेला काटकोनात सोडलेल्या रेषेपासून सुमारे ५६ अंशांवरून पाहिलं, तर पोलरायझर हे प्रतिबिंब जवळपास पुसून टाकतो. चकती लेन्सवर हळूहळू फिरवत न्या. आभाळ विरत जातं आणि काचेमागून चेहरा वर येतो, विहिरीच्या पाण्यावरचं शेवाळ बाजूला सारावं तसा.

पण चकती फिरवण्याआधी डॅशबोर्डवर काळं सुती कापड अंथरायचं. समोरच्या काचेत दिसणारं निम्मं धूसरपण डॅशबोर्डच्याच प्रतिबिंबाचं असतं. पाच मीटर काळं कापड हे युनिटच्या सामानातलं सर्वांत स्वस्त उपकरण.

बाजूच्या खिडक्यांतून टिपताना मात्र सावध. समोरची काच दोन थरांमध्ये पडदा घालून चिकटवलेली असते, बाजूच्या आणि मागच्या काचा तापवून झटकन थंड केलेल्या असतात. त्या थंड होण्याचे ताण काचेत गोठून राहतात. नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाहीत, पण पोलरायझर लावला की काचेवर ठिपक्यांची रांगोळी उमटते. तिथे पोलरायझर काढून ठेवायचा.

आपल्या देशात एक गोष्ट कॅमेरामनच्या बाजूची आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार पुढच्या-मागच्या काचेतून निदान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे, आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्मवर बडगा उगारला. त्यामुळे इथल्या गाडीच्या आत काळोख नसतो. तरी चेहरा आणि बाहेरचा रस्ता यांच्या उजेडात पाचसहा स्टॉपचा, म्हणजे बत्तीस ते चौसष्ट पट फरक राहतोच. गाडीच्या आतल्या कॅमेऱ्याला लॉग पद्धतीचं १०-बिट चित्रण हवं ते यासाठी. पिक्सेल किती यापेक्षा उजेड-अंधाराचा किती पल्ला एका फ्रेममध्ये मावतो, हे इथे महत्त्वाचं.

वजन आणि हादरे

मोटारीवर कॅमेरा बांधण्याचा इतिहास हा वजन कमी करत आणण्याचा इतिहास आहे. १९६६ च्या 'ग्राँ प्री' या चित्रपटासाठी जॉन फ्रँकेनहायमरने शर्यतीच्या गाड्यांवर अवजड पॅनाव्हिजन कॅमेरे बांधले. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या चॅनल सेव्हनने बाथर्स्टच्या शर्यतीत पीटर विल्यमसनच्या टोयोटा सेलिकात कॅमेरा बसवला आणि धावत्या गाडीतून थेट प्रक्षेपण केलं. २००२ मध्ये निक वुडमनने स्थापन केलेल्या गोप्रोने २००४ मध्ये पहिला कॅमेरा विकायला काढला, तो फिल्मचा होता आणि सर्फिंगवाल्यांच्या मनगटासाठी होता. बॉनेटवर तो नंतर आला. डिसेंबर २०११ मध्ये बीबीसीवर 'टॉप गिअर'चा भारत विशेष भाग दाखवला गेला. त्यात तीन जुन्या ब्रिटिश गाड्या होत्या आणि मुंबईच्या डबेवाल्यांशी चुरस होती. तोवर छोटे कॅमेरे आणि मोटारींचे कार्यक्रम हे समीकरण पक्कं झालं होतं.

या साऱ्यात सर्वांत शहाणी निवड मला क्लोद लेलूशची वाटते. १९७६ मध्ये त्याने भल्या पहाटे पॅरिसच्या रस्त्यांवरून भरधाव गाडी हाकत एकाच सलग शॉटचा, नऊ मिनिटांहूनही कमी लांबीचा लघुपट केला. ऐकू येतो तो फेरारीचा आवाज. पण कॅमेरा बांधला होता मर्सिडीझला. कारण तिचं सस्पेन्शन मऊ होतं. लाल दिवे तोडण्याचा त्याचा उद्योग कुणी गिरवू नये. पण धडा मोलाचा आहे: आधी कॅमेऱ्याची गाडी निवडा, मग कॅमेरा. आपल्या युनिटची चित्रणाची गाडी लांब, जड आणि मऊ असावी. टायरमधली हवा कंपनीने सांगितल्यापेक्षा जास्त तर मुळीच नसावी.

लेन्सचाही हिशेब आहे. १६ मिलिमीटरची लेन्स सुमारे ९७ अंशांचा देखावा घेते, ८५ ची सुमारे २४ अंशांचा. खड्ड्याचा तोच धक्का ८५ वर चार-पाच पट मोठा दिसतो. म्हणून गाडीवर बांधलेल्या कॅमेऱ्याला रुंद लेन्स, आणि रस्त्याच्या कडेला तिपाईवर उभ्या असलेल्याला लांब. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना उलटी वाटते. कॅमेरा गाडीला घट्ट बांधला असेल तर त्यातलं सेन्सर स्थिर ठेवणारं यंत्र बंद करायचं. हातातल्या थरथरीसाठी बनवलेलं ते यंत्र इंजिनाच्या कंपनाशी झुंजायला जातं आणि चित्राचे कोपरे लिबलिबतात.

आता बॉनेटजवळ या. व्हॅक्यूमचा पंपवाला कप लावायचा आहे. आधी पत्रा ओल्या फडक्याने, मग कोरड्याने. काळ्या मातीचा एक कण कपाखाली राहिला तर हवा आत जायला तेवढी वाट पुरते. पत्रा हाताला चटका देत असेल तर थांबा, गाडी सावलीत घ्या. बॉनेट ॲल्युमिनियमचं असेल तर चुंबकवाला माउंट आणलात तरी तो चिकटणार नाही. पंप दाबत जा. पंपाच्या दांड्यावर लाल रेघ असते, ती आत गेली म्हणजे पकड बसली. दर टेकनंतर खाली वाकून ती रेघ पाहायची. ती पुन्हा डोकावू लागली तर पुढचा टेक नाही. आणि कप कितीही घट्ट असो, कॅमेऱ्यापासून गाडीच्या चौकटीपर्यंत सुरक्षेचा पट्टा बांधायचाच. मागून मोटारसायकलवर येणारा माणूस तुमच्या युनिटचा नाही.

उघड्या डिकीत बसून मागची गाडी टिपणं हे आपल्याकडे सर्रास चालतं. ते फक्त बंद रस्त्यावर किंवा धावपट्टीवर, कमरेला हार्नेस लावून. वाहत्या रस्त्यावर नाही.

रात्र आणि लुकलुकणारे दिवे

रामघाटावर दिवे लागले की कॅमेऱ्याचं दुसरं अंग बाहेर येतं. एफएक्स६ आणि एफएक्स३ यांना दोन पायाभूत आयएसओ आहेत, ८०० आणि १२,८००. म्हणजे सोळा पट फरक. आरतीच्या उजेडात काठाने सावकाश जाणाऱ्या गाडीला दिवे लावायची गरज पडत नाही. १८ फेब्रुवारी २०२३ च्या महाशिवरात्रीला शिप्रेकाठी १८ लाख ८२ हजारांवर पणत्या लावून विक्रम झाला होता. असा प्रकाश टिपायला दिवे न्यायचे नसतात.

पण एलईडीची खोडी वेगळी. आपली वीज ५० हर्ट्झची. साधे एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. शटर १/५० किंवा १/१०० असेल तर प्रत्येक फ्रेममध्ये पूर्ण लुकलुक मावते आणि चित्र शांत राहतं. १/६० ठेवलं की पडद्यावर पट्टे सरकू लागतात. नवा ॲक्शन कॅमेरा डब्यातून काढला की बऱ्याचदा तो ६० हर्ट्झच्या सेटिंगवर, सेकंदाला ३० फ्रेमवर असतो. मेनूत जाऊन ५० हर्ट्झ आणि २५ फ्रेम करणं, हे कॅमेरा हातात आल्यावरचं पहिलं काम. गाड्यांच्या दिवसाच्या दिव्यांची लुकलुक याहून वेगळ्या गतीची असते. त्यासाठी शटरची बारीक, दशांशातली फेरफार करू देणारा कॅमेरा हवा. दिवा पडद्यावर स्थिर होईपर्यंत आकडा सरकवायचा.

पेटीत काय बसतं

फिरत्या युनिटचा कॅमेरा जेवढा चित्र काढतो, त्याहून जास्त वेळ प्रवास करतो. पुण्याहून विमानाने इंदूरला उतरायचं तर लिथियम बॅटऱ्या हातातल्या सामानातच न्याव्या लागतात. १०० वॉट-तासांपर्यंतच्या बॅटऱ्यांना विमान कंपनीची वेगळी परवानगी लागत नाही, १०० ते १६० पर्यंतच्या दोनच, त्याही परवानगीने. बाजारातल्या व्ही-माउंट बॅटऱ्यांवर ९८ किंवा ९९ हा आकडा का छापलेला असतो, ते आता कळलं असेल.

मे महिन्यात उज्जैनचा पारा चाळिशी ओलांडतो आणि बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपत्रकात काम करण्याची मर्यादा ४० अंश लिहिलेली असते. बंद गाडीत डॅशबोर्डवर त्याहून कितीतरी जास्त. म्हणून पंखा असलेला कॅमेरा घ्यावा, आणि दोन टेकच्या मधल्या वेळात तो काळ्या नव्हे, पांढऱ्या कापडाखाली ठेवावा.

आणि माहितीचा डोंगर. सेकंदाला २५० मेगाबिटने ४के चित्रण केलं तर तासाला ११२ गिगाबाइट. दोन कॅमेरे, रोज दोन-दोन तास, म्हणजे साडेचारशे. दोन प्रती केल्या की दिवसाला ९०० गिगाबाइट, चार दिवसांत साडेतीन टेराबाइटच्या वर. एट-केचा हट्ट इथे विरघळतो. रात्री अकराला हॉटेलात परतलेल्या असिस्टंटला पहाटे साडेचारला उठायचं असतं. डेटा उतरवणं त्याच्या झोपेत बसायला हवं. दोन प्रती दोन पेट्यांत आणि दोन पेट्या दोन गाड्यांत, हा नियम कधी मोडू नये.

निकाल

तर पुण्याच्या युनिटने काय न्यावं? तिपाईवर आणि खांद्यावर एक कॅमेरा, ज्याच्या पोटात एनडी आहे, सेन्सर झटपट वाचतो आणि रात्रही पेलतो. एफएक्स६ किंवा त्या जातीचा. गाडीच्या आत आणि रिगवर त्याच कुळातला छोटा दुसरा, म्हणजे संकलनाच्या टेबलावर दोघांचे रंग जुळतील. बॉनेट, चाकाजवळ आणि धुळीत दोन ॲक्शन कॅमेरे, एनडी ६४ काचांसह. हे शेवटचे दोघे हरवले किंवा फुटले तरी दिवस वाया जात नाही, हाच त्यांचा मोठा गुण. मोठे कॅमेरे भाड्याने, छोटे विकत. धावपट्टीचाच भाग असेल तर त्या एका दिवसापुरता ग्लोबल शटर भाड्याने घ्यावा.

दुकानात किंवा भाड्याच्या ऑफिसात उभे असाल तेव्हा किती 'के' हे विचारू नका. तीन प्रश्न विचारा. सेन्सर किती मिलिसेकंदांत वाचतो? एनडी आत आहे का? चाळीस अंशांत सलग किती वेळ चालतो? मग दाराबाहेर या, रस्त्यावरून जाणाऱ्या रिक्षाचं चाक भर उन्हात, १/५० वर टिपा आणि पडद्यावर पाहा. चाक धूसर होऊन पुढे धावत असेल, तर पेटी बांधा.